पोळ्याला उतरलेलं विमान

जावई हा दहावा ग्रह, असं आपले लोक म्हणतात. बाकीचे नऊ निदान आपापल्या जागी फिरत असतात; गणपतराव भोयर मात्र आभाळातून थेट सासरवाडीच्या गायरानात उतरले, तेही पोळ्याच्या दिवशी, पुरणपोळ्या तव्यावर असताना. त्यानंतर कित्येक वर्षं नागपूरच्या दक्षिणेकडच्या गावांत त्यांना नावानं कुणी ओळखेना. 'विमानवाला जवाई' म्हटलं, की कॉटन मार्केटात गाडी सोडून बसलेला शेतकरीही हसून मान हलवी. न हसणारा माणूस एकच होता, आणि ते होते स्वतः गणपतराव.

माणूस साधा. प्रताप नगरात दोन खोल्यांचं घर, दारात पेरूचं झाड, जायला-यायला सायकल. सोनेगावच्या विमानतळाच्या एका कडेला संत्रानगर फ्लाइंग क्लब नावाचा लहानसा क्लब होता. तिथे ते नव्या पोरांना विमान चालवायला शिकवत. विमान पुष्पक जातीचं, दोन माणसांचं, कापडी अंगाचं. वारा सुटला की दोरीनं बांधून ठेवावं लागे, दावणीला बांधल्यासारखं. गणपतराव बोलत कमी, आणि बोलले की ते खरं असे. "आज हवा ठीक नाही," एवढं त्यांनी म्हटलं, की क्लबातले मोठे साहेबसुद्धा विमान बाहेर काढत नसत. विमान शिकवणाऱ्याची खरी कमाई हीच. त्याच्या शब्दावर लोक आपला जीव सोपवतात.

आणि नेमकी हीच कमाई त्यांची गेली, ती एका झडतीपायी.

झडती म्हणजे काय, हे विदर्भाबाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. पोळ्याच्या दिवशी सजवलेले बैल गावाच्या तोरणाखाली जमले, की गावातला एखादा तोंडाळ माणूस पुढे होऊन मोठ्यानं चार ओळी म्हणतो. त्यात कुणाची तरी फिरकी घेतलेली असते. शेवटी सगळे मिळून महादेवाचा गजर करतात आणि ज्याची फिरकी घेतली तोही हसतो. हसलाच नाही तर पुढच्या वर्षी त्याच्यावर दोन झडत्या होतात. बेसा गावात हे काम वर्षानुवर्षं शालिकराम यांच्याकडे होतं. हे गणपतरावांचे सासरे. कापूस-तुरीचा शेतकरी, आवाज असा की शेताच्या या धुऱ्यावरून हाक मारली तर पलीकडच्या गावची कुत्री भुंकायची.

शालिकरामांनी आपली एकुलती एक लेक कौसल्या विमानवाल्याला दिली, तेव्हा भावकीनं नाकं मुरडली होती. ज्याचे पायच जमिनीवर नाहीत त्याला पोरगी देऊन राहिला, असं चुलत्यांनी तोंडावर ऐकवलं. शालिकरामांनी ते ऐकून घेतलं आणि लग्न थाटात करून दिलं. पण मनात ती सल राहिली. जावई पोळ्याला गावात यावा, भावकीनं त्याला डोळे भरून पाहावं, ही त्यांची मोठी हौस होती.

सदुसष्ट साली कौसल्या पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी गेलेली. सातवा महिना. शालिकरामांनी पोळ्याचं आवतण स्वतः प्रताप नगरात येऊन दिलं. गणपतरावांनी हात जोडून सांगितलं, की दुरुस्तीतून निघालेलं विमान त्याच दिवशी उडवून पाहायचं आहे, जमणार नाही. एरवी जावई रुसतो. इथे सासराच रुसला. चहा न घेता म्हातारा उठून गेला.

पोळ्याच्या दिवशी दुपारी गणपतराव एकटेच विमान घेऊन वर गेले. पाऊस उघडून एक दिवस झाला होता. आभाळ अर्धवट, हवा दमट, अंगाला सदरा चिकटत होता. विमान छान चाललं होतं. चक्कर पुरी करून त्यांनी इंजिन थोडं कमी केलं आणि हळूहळू खाली यायला लागले. तेवढ्यात इंजिनाचा आवाज बसला. खोकला नाही, ठोका नाही. गाणाऱ्याचा घसा बसत जावा तसा तो नुसता खाली खाली गेला आणि इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा काटा त्याच्यासोबत उतरत गेला. त्यांनी ताकद पुरी वाढवली, काटा हलेना. पेट्रोलची तोटी पाहिली, ठिणगीचे दोन्ही स्विचेस पाहिले, सगळं जागच्या जागी. खाली कापूस उभा, तुरी उभ्या, ज्वारी उभी. मोकळं होतं फक्त बेसाचं गायरान. संध्याकाळच्या पोळ्यासाठी लोकांनी ते झाडून साफ केलं होतं, दोन खांबांना आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं. बैल अजून यायचे होते. गणपतरावांनी तोरण एका बाजूला ठेवून विमान टेकवलं. ते उड्या मारत गेलं आणि शेवटच्या बाभळीच्या अलीकडे थांबलं. नशीब थोर म्हणायचं, दुसरं काय.

गाव धावत आलं. सगळ्यांत पुढे शालिकराम. जावई खाली उतरला, तोंडचं पाणी पळालेलं. सासऱ्यानं त्याचा हात हातात घेतला, एकदा त्याच्या तोंडाकडे पाहिलं, एकदा मागे वळून पाहिलं, आणि सगळ्या गायरानाला ऐकू जाईल असा आवाज दिला, "पाहा गा, माहा जवाई पोळ्याले आला!"

झालं. लोक हसले, बाया हसल्या, पोरांनी विमानाभोवती फेर धरला. गणपतराव काही सांगू पाहत होते, पण त्यांना ओढतच घरी नेलं गेलं, पाटावर बसवलं गेलं. संध्याकाळी तोरणाखाली शालिकरामांनी ताजी झडती म्हटली:

"आभाळातून आलं उडनखटोलं,
इंजिन नाही थकलं, पोट होतं भुकेलं,
पुरणपोळीच्या वासानं जवायाले ओढलं,
एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव!"

क्लबात निरोप गेल्यावर मनोहरराव तोवर आले होते. क्लबातली सगळी इंजिनं यांच्या हाताखाली; ते विमानही त्यांनीच दुरुस्त करून दिलेलं. त्यांनी इंजिन उघडलं, पेट्रोल गाळून पाहिलं, प्लग काढून पाहिले. मग इंजिन चालू केलं. पहिल्याच फेरीत ते असं गुरगुरलं की तोरणाची पानं उडाली. पुन्हा चालू केलं, पुन्हा तसंच. मनोहररावांना एक टिचभर खोट सापडेना. त्यात कानावर ती झडती पडत होती आणि बाया त्यांच्याही हातात पुरणपोळी देत होत्या. मनोहररावांनी पोळी खाल्ली आणि मनाशी काय समजायचं ते समजले.

क्लबात त्यांनी जे पाहिलं तेच सांगितलं: इंजिन ठणठणीत आहे. पुढचं त्यांना सांगावं लागलंच नाही, झडती त्यांच्या आधी पोचली होती. मुख्य प्रशिक्षक त्या वर्षी निवृत्त होत होते आणि ती जागा गणपतरावांचीच, असं सगळे धरून चालले होते. ती दुसऱ्याला मिळाली. सासरवाडीच्या जेवणासाठी विमान उतरवणाऱ्याच्या हाती पोरं कशी द्यायची, असं कमिटीतल्या एकानं हसत हसत म्हटलं, आणि हसण्यावारी बोललेलंच अशा वेळी पक्कं होतं. गणपतराव रविवारच्या हौशी लोकांना शहरावरून चक्कर मारून आणायच्या कामावर राहिले.

"इंजिननं दम सोडला होता," एवढंच ते म्हणत. पहिल्या वर्षी समजावून म्हणत, नंतर चिडून, नंतर नुसतं. समोरचा डोळा मारून विचारी, पोळ्या किती झाल्या मग?

घरी मात्र त्यांनी यातलं अक्षर काढलं नाही. कौसल्येला आपला नवरा आभाळातून भेटीला आला याचं कोण कौतुक. पुढे मुलगी झाली, तिचं नाव शामला. तिलाही ती हीच गोष्ट सांगून झोपवी. आता कौसल्येला काय सांगायचं, की मी ज्यात रोज बसतो ते वरच्या वर बंद पडलं होतं आणि का पडलं ते मलाही ठाऊक नाही? तिचा रोजचा घास गोड राहिला नसता. तेव्हा क्लबात खरं बोलून खोटे ठरायचं आणि घरी गप्प बसून खरे, असा गणपतरावांचा संसार चालला.

सासऱ्यावर मात्र त्यांचा मनातून राग होता, आणि तो का नसावा? ज्याच्या तोंडातून ती झडती निघाली त्यानंच त्यांचा शब्द मातीत घातला होता. दर पोळ्याला ते बेसाला जात, पाया पडत, जेवत, आणि काम आहे म्हणून लवकर निघत. म्हातारा झडती म्हणायला लागला की ते तोरणाकडे पाठ करून बैलांच्या झुली न्याहाळत. पुढच्या वर्षी दोन झडत्या होतील, ही गावाची धमकीही त्यांच्यावर चालली नाही.

पण ती दोन-चार मिनिटं त्यांच्या डोक्यातून जाईनात. जेवताना, सायकल चालवताना, ते पुन्हा पुन्हा मनानं त्या विमानात बसत. कशाकशाला हात लावला, कशाला नाही? प्रत्येक खटका, प्रत्येक खुंटी आठवून पाहिली. लावायचा तिथे प्रत्येक ठिकाणी हात लावला होता. एकच खुंटी राहिली होती, गरम हवेची. ती ओढली की बाहेरची थंड हवा बंद होऊन धुराच्या नळीशी तापलेली हवा इंजिनाला मिळते. थंड मुलखात इंजिनाच्या घशात बर्फ धरतो, त्यासाठी ती सोय. नागपुरात तिला कुणी शिवतच नसे. मे महिन्यात जिथे डांबर चपलेला चिकटतं तिथे बर्फ कसला? उलट त्या वाटेनं येणारी हवा गाळणीतून येत नाही, धूळ सरळ आत जाते, म्हणून मनोहररावांनीच सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, की तिला हात लावायचा नाही. क्लबात म्हणत, नागपूरचा बर्फ एकतर गोळ्यावाल्याच्या गाडीवर, नाहीतर मनोहररावांच्या पुस्तकात. गणपतरावही त्यावर हसलेले होते.

अठ्ठ्याहत्तर साली पोळा तोंडावर आला असताना मनोहरराव एकदा त्यांच्याशेजारी विमानात बसले. विमान थरथरतं अशी कुणाची तक्रार होती आणि त्यांना ते कानानं ऐकायचं होतं. पाऊस उघडलेला, हवा तशीच दमट, सदरा तसाच अंगाला चिकटलेला. थरथर काही सापडली नाही. परत यायचं म्हणून गणपतरावांनी इंजिन कमी केलं आणि विमान उतरणीला लावलं. बेसाच्या शिवारावर असतानाच आवाज बसायला लागला.

गणपतरावांनी तो लगेच ओळखला. अकरा वर्षं ज्याला मनात ऐकत आलो तो आवाज माणूस विसरेल कसा? मनोहररावांची नजर काट्यावर गेली. काटा उतरत होता, ताकद पुरी देऊनही उतरत होता. त्यांनी स्वतः वाकून तोटी पाहिली, स्विचेस पाहिले. गणपतरावांनी हात पुढे केला आणि राहिलेली एकच खुंटी ओढली.

इंजिन बरं व्हायचं सोडून आणखी बिघडलं. आधी नुसतं बसत होतं, आता ठसकायला लागलं, अख्खं विमान हादरायला लागलं. मनोहरराव ओरडले, "आत लोटा, आत लोटा ते! काहून जीव घेऊन राहिले?" त्यांचा हात खुंटीकडे आलाही. गणपतरावांनी तो आपल्या दुसऱ्या हातानं बाजूला केला आणि खुंटी तशीच धरून ठेवली. आपण बरोबर आहोत याची त्यांना खात्री होती, असं म्हणणं खोटं होईल. पण मागच्या वेळी जे जे केलं त्यानं काही झालं नव्हतं, आणि तेच पुन्हा करून काही होणार नव्हतं, इतकं त्यांना पक्कं कळत होतं.

इंजिन आणखी दोनदा ठसकलं आणि मग त्याचा घसा मोकळा झाला. काटा वर चढला. आवाज पहिल्यासारखा भरला.

विमान खाली उतरलं. मनोहररावांनी झाकण उघडून पाहिलं, तर सगळं कोरडं, गरम, ठणठणीत. बर्फाचा मागमूस नाही. ते तिथेच गवतावर बसले. मग त्यांनी स्वतःलाच सांगितल्यासारखं सांगायला सुरुवात केली. माठातलं पाणी गार का होतं? बाहेर पाझरलेल्या पाण्याची वाफ होताना ती माठाची ऊब घेऊन जाते. इंजिनाच्या घशात पेट्रोलची अशीच वाफ होते, तीही भराभर, आणि तिथला धातू माठाच्या कितीतरी पट गारठतो. हवा दमट असली की तिच्यातलं पाणी तिथेच गोठतं आणि घसा आवळत जातो. बाहेर थंडी असायलाच हवी असं नाही. दमट हवा आणि कमी केलेलं इंजिन एवढं पुरतं. गरम हवा दिली की बर्फ वितळतो, त्याचं पाणी इंजिनात जातं म्हणून ते आधी ठसकतं आणि मग सुटतं. आणि इंजिन बंद करून उभं केलं, तर त्याच्याच उष्णतेनं चोर घटकाभरात पळून जातो.

"म्हंजे त्या दिवशी मी पोहोचलो तोवर तो पळून गेला होता," मनोहरराव म्हणाले. "मी तुमच्यावर लय अन्याय केला गणपतराव."

या एका वाक्यासाठी गणपतरावांनी अकरा वर्षं काढली होती. त्यांनी मान फिरवली आणि दोरी घेऊन विमान बांधायला लागले.

मनोहरराव तसे एकदा मनावर घेतलं की सोडणारे नव्हेत. त्यांनी कमिटीपुढे जाऊन स्वतःचं चुकल्याचं सांगितलं. मुख्य प्रशिक्षकाच्या खुर्चीत तोवर दुसऱ्याचा तिसरा झाला होता. बैल गेला आणि झोपा केला, तशातली गत. पण गणपतरावांकडे पोरं पुन्हा शिकायला आली. पहिल्याच दिवशी ते प्रत्येकाचा हात त्या खुंटीवर ठेवत आणि सांगत, की ओढल्यावर आधी बिघडल्यासारखं वाटेल, तरी हात काढायचा नाही. क्लबात त्यांना पोळ्या किती झाल्या असं विचारणारं कुणी उरलं नाही.

राहिलं बेसा. मनोहरराव म्हणाले, मी पोळ्याला येतो आणि तोरणाखाली सगळ्या गावासमोर सांगतो. गणपतराव नको म्हणाले नाहीत. खरं सांगायचं तर त्यांना ते हवंच होतं.

पोळ्याला बैल जमले. शिंगांना बेगड, पाठीवर झुली. शालिकराम आता काठी टेकत आले; नजर मंदावली होती, आवाज मात्र तसाच. शामला आजोबांचा हात धरून उभी, मागे बायांमध्ये कौसल्या. म्हाताऱ्यानं नवी झडती म्हटली, मग लोकांनी ओरडून मागितली म्हणून जुनी म्हटली, आणि गाव हसलं. मनोहरराव घसा खाकरून पुढे झाले. म्हणाले, मी त्या विमानाचा इंजिनवाला, मला या जवायाबद्दल चार शब्द बोलायचे आहेत.

गणपतराव या वेळी बैलांच्या झुली पाहत नव्हते. ते सासऱ्याकडे पाहत होते. म्हाताऱ्याचं हसू थांबलं होतं. त्यानं मान वळवून, त्या दिवशी वळवली होती अगदी तशीच, मागे कौसल्येकडे पाहिलं. तेवढ्यात गणपतरावांच्या ध्यानात आलं, की त्या दिवशीही सासऱ्यानं मागे वळून पाहिलं होतं ते गावाकडे नव्हे, लेकीकडे.

ते चटकन पुढे झाले आणि मनोहररावांच्या खांद्यावर हात ठेवून मोठ्यानं म्हणाले, "हे काय सांगतील? मीच सांगतो. इंजिन एकदम चांगलं होतं. पोळीचा वास वरतं आला, मंग माह्यानं राहावलं नाही."

गाव पुन्हा हसलं. मनोहरराव आ वासून पाहत राहिले, मग काहीतरी उमजून तेही हसले.

बैल घरोघर ओवाळून घ्यायला निघाले, तेव्हा शालिकरामांनी जावयाला खांबाशी थांबवलं आणि त्याचा हात हातात घेतला.

"जवाईबापू, त्या दिवशी हा हात बर्फावाणी थंडा होता. मले का समजलं नाही का, काय झालं असन ते? पण पोरगी मांगं उभी होती, सात महिन्याची गरवार. तिच्यासमोर काय म्हणू? मंग मी पोळ्याचं नाव घेतलं."

त्या आरोळीनं आपली खुर्ची गेली, शब्द गेला, हे सगळं गणपतरावांच्या जिभेवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं. वाकून म्हाताऱ्याच्या पाया पडले. दरवर्षीच पडत, पण या वेळी उठायला वेळ लागला. म्हातारा एवढंच म्हणाला, "कौसल्याले अजून काही सांगू नोका."

त्या वर्षी गणपतराव काम आहे म्हणून लवकर निघाले नाहीत. चौथी पोळी मागून घेतली तेव्हा कौसल्येनं त्यांच्याकडे जरा रोखून पाहिलं, आणि तुपाची वाटीच पानाशेजारी ठेवली. तिला खरं कधी कुणी सांगितलं नाही. तिला ते माहीत नव्हतं, असं मात्र छातीठोकपणे सांगता येणार नाही.

ऐंशी सालच्या उन्हाळ्यात शालिकराम गेले. त्या वर्षीच्या पोळ्याला बैल जमले, ढोलकी वाजून थांबली. झडती म्हणायला पुढे कुणी होईना. शालिकरामांच्या जागी उभं राहायचा सगळ्यांनाच संकोच वाटत होता. गणपतराव बैलांच्या गर्दीतून वाट काढत तोरणाखाली आले. त्यांचा आवाज काही सासऱ्यासारखा नव्हता, पहिल्या ओळीला तर तो फाटलाच. पण दुसरी ओळ त्यांनी खणखणीत म्हटली:

"इंजिन नाही थकलं, पोट होतं भुकेलं!"

आणि गावानं महादेवाचा गजर केला.